नम्र माणसांची अपिलं

आक्कांच्या घरात राहायला गेले त्या दिवशी त्यांनी मला तीनच नियम सांगितले. वॉशरूमचा गरम पाण्याचा नळ हळू फिरवायचा. बर्फ पडला की फावड्याने तो उपसायचं काम त्या स्वतः करणार, भाडेकरूनं मध्ये यायचं नाही. आणि बेसमेंटमधल्या दोरीला हात लावायचा नाही.

"कपडे वाळवायला ड्रायर हाय. दोरी माजी हाय."

आता बेसमेंट मला भाड्याने दिलेलं, झोपणार मी तिथे, आणि दोरी ह्यांची! मी पुण्याची. 'करारात तसं लिहिलंय का?' हे वाक्य माझ्या जिभेवर तयारच होतं. पण मान वर करून पाहिलं तर दोरीवर एकही कपडा नव्हता. लाकडी चिमट्यांना आठ-दहा पत्रं टांगलेली होती. सगळी सरकारी, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल पेनने एक तारीख ठसठशीत लिहिलेली.

ती सगळी नकाराची पत्रं होती. कुणाची नोकरी गेली, त्यानं बेकारीभत्त्यासाठी अर्ज केला आणि सरकारने तो फेटाळला, की ते पत्र आक्कांच्या दोरीवर यायचं. अशा निर्णयावर दाद मागायला तीस दिवस मिळतात. नवीन पत्र डाव्या टोकाला, जिन्यापाशी. मुदत संपत आलेलं उजव्या टोकाला, वॉटर हीटरपाशी. दर रविवारी आंघोळ करून, देवाला फूल वाहून आक्का खाली यायच्या आणि एकेक पत्र उजवीकडे सरकवायच्या. माझी खाट नेमकी हीटरपाशी होती. म्हणजे ज्यांचे दोन-चार दिवस उरलेत अशा लोकांची भांडणं माझ्या डोक्यावर लटकत असायची. पहिला महिनाभर मी सकाळी डोळे उघडले की आधी तारखा वाचायचे आणि मग देवाचं नाव घ्यायचे.

हे सगळं दोन हजार पंधरा ते अठरामधलं. कॅनडात, हॅलिफॅक्सच्या बंदरापलीकडे, डार्टमथच्या बाजूला, फेरीतून उतरून एक बस केली की आक्कांचं घर. आता मी मिसिसागात कॉन्डोत राहते, तिथे दोरी बांधायला खिळा ठोकायचा तरी बिल्डिंगची परवानगी लागते. आक्कांनी ती कशी मिळवली असती याचा मी अधूनमधून विचार करते.

आक्का मूळच्या कोल्हापूरकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या, नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. एका हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत अठ्ठावीस वर्षं चादरी धुतल्या आणि इस्त्र्या केल्या. चाळीस वर्षांपूर्वी जे मराठी घेऊन त्या विमानात बसल्या तेच त्यांनी इथे शाबूत ठेवलं. तिकडच्या बायका बोलतात तसं स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' म्हणायच्या. पहिला आठवडाभर वरून 'मी पोस्टात जाऊन आलो गं' असं ऐकू आलं की घरात कोण पुरुष शिरलाय म्हणून मी दचकायचे. इंग्रजी मात्र पक्कं इथलं. बस ड्रायव्हरपासून कोर्टातल्या क्लार्कपर्यंत सगळ्यांना 'डिअर' म्हणायच्या, आणि समोरचा माणूस त्या डिअरवर विरघळला की त्याच्याकडून हवा तो फॉर्म काढून घ्यायच्या.

हे अपिलांचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते लॉन्ड्रीतच. एकदा त्यांना गैरवर्तनाच्या नावाखाली कामावरून काढलं होतं. गैरवर्तन काय, तर एका गरोदर पोरीला सुपरवायझरने ओल्या कपड्यांची ट्रॉली ओढायला लावली, म्हणून आक्कांनी त्याच ट्रॉलीतला टॉवेलांचा ढीग उचलून त्या सुपरवायझरच्या अंगावर टाकला.

"टाकला न्हाई. ठेवला," असं त्या शेवटपर्यंत म्हणायच्या.

काढलं, आणि वर बेकारीभत्ताही नाकारला. आक्कांना तेव्हा इंग्रजी धड येत नव्हतं. त्यांनी डिक्शनरी घेऊन अपील लिहिलं, सुनावणीला जाऊन उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. पुढे युनियनने नोकरीही परत मिळवून दिली आणि आक्कांना युनियनची प्रतिनिधी करून टाकलं. तेव्हापासून त्यांचं एक ठाम मत झालं होतं, ते त्या येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायच्या.

"पहिला न्हाई फुकटचा असतोय. म्हणणाऱ्याला काय लागत न्हाई. दुसऱ्यांदा इचारलं की त्याला फायल उगडावी लागती. तिसऱ्यांदा इचारलं की वाचावी लागती. आपली मानसं पयल्याच न्हाईला 'बरं साहेब' म्हणून घरी येत्यात!"

त्यांच्याकडे मल्याळी नर्सेस यायच्या, पंजाबी ट्रकवाले यायचे, इथले गोरे मच्छीमारही यायचे. पद्धत सगळ्यांना एकच. आल्याबरोबर चहा नाही, पाणी नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लसणाची परडी पुढ्यात सरकवायची आणि म्हणायचं, सोल. मग सांग काय झालं ते.

याचं कारण मी विचारलं होतं. "हात मोकळं असलं की मानूस हातवारं करतंय. हातवारं करायला लागलं की गोष्ट फुगती. लसूण सोलताना फुगवता येत न्हाई." आणि खरंच सांगते, सहा फुटी ट्रकवाला दोन बोटांत एवढीशी पाकळी धरून बसला की त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. आक्का त्याच्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत, हातांकडे बघायच्या. बोलता बोलता हात थांबले की म्हणायच्या, "हितं थांब. ह्या पाकळीपाशी काय झालं?" आणि गंमत म्हणजे तिथेच काहीतरी झालेलं असायचं. सोललेल्या लसणाची चटणी व्हायची. हॅलिफॅक्समधल्या निम्म्या देशी फ्रिजांमध्ये आक्कांच्या चटणीची बाटली होती, आणि आमच्या घराला जो वास होता तो विंटर जॅकेटमधून उन्हाळ्यातसुद्धा जात नसे.

फी घ्यायच्या नाहीत. पण एक अट असायची. तुझं काम झालं की पुढच्याच्या एका कामाला तू यायचंस. टेलिफोनवरच्या सुनावणीला त्याच्या शेजारी बसायचं, किंवा कागद टाईप करायचे, किंवा नुसता लसूण सोलायचा.

या सगळ्या लोकांत आक्कांचं डोकं खऱ्या अर्थाने फिरायचं ते मराठी माणसांच्या अर्जांनी. "पंजाबी मानूस भांडतंय, मल्याळी मानूस नियम वाचून येतंय. आपलं मानूस कागदाशी बी नम्रपणानं वागतंय!" कुणी अर्जात 'सॉरी' लिहिलं की त्या लाल पेनने फुली मारायच्या. 'आपला नम्र' लिहिलं तर कागदच परत. "तू नम्र हायस का उद्धट, त्यानं इचारलंय का? कितीला गेलास, कोण काय म्हणालं, कितीला आलास, एवढंच लिव."

नागपूरचा एक सॉफ्टवेअरवाला होता. पस्तिशीचा असेल. त्याची बायको आजारी पडून गेली होती, मृत्युपत्र केलेलं नव्हतं, मूल नव्हतं. गेलेल्या माणसाच्या नावावरचं काहीही हलवायचं तर इथे आधी प्रोबेट कोर्टात अर्ज करून अधिकार मिळवावा लागतो. त्यात वारस कोण कोण ते लिहायचं असतं. या भल्या माणसाने सतरा नावं लिहून आणली होती. आईवडील, सासूसासरे, दोन्हीकडचे भाऊ, वहिन्या, आणि तळाला एक काकाजी.

आक्कांनी चष्मा पुसला. "ह्ये काकाजी कोण?"

"वडलांचे मोठे भाऊ न. लग्नात लई धावपळ केली त्यांनी. त्यांचं नाव नाही टाकलं तर बरं नाही दिसत न, आक्का."

"कोर्टाला कसं दिसतंय ते बग की. काकाजी कॅनडातलं वारस झालं तर त्यास्नी नोटीस जाती नागपूरला. त्ये फेटा बांधून येत्याल हितं?"

मी शेजारी बसले होते, मला हसू आवरेना. तोही हसला. आक्का एकेक नाव विचारत गेल्या आणि लाल रेघ मारत गेल्या. वहिनी गेली, भाऊ गेले, सासूसासरे गेले. शेवटी कागदावर एकच नाव उरलं, त्याचं स्वतःचं. त्याने हातातला लसूण टेबलावर ठेवला आणि तो रडायला लागला. बायको गेल्यापासून हा माणूस बहुधा पहिल्यांदाच रडत होता. आक्का उठल्या नाहीत, पाठीवरून हात फिरवला नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाल्या, "एकट्याचं नाव लिवायला जड जातंय, व्हय? जाऊ दे जड. पन लिव." आणि त्याने लिहिलं.

आक्कांचा दुसरा नाद म्हणजे दर बुधवारी लायब्ररीत जाऊन सरकारी राजपत्र वाचणं. त्यात गेलेल्या लोकांच्या मालमत्तेच्या नोटिसा असतात, कुणाचा काही दावा असेल तर सहा महिन्यांत करा म्हणून. आपल्याकडे बायका वधूवर-सूचक पानं वाचतात त्या आवडीने आक्का ते वाचायच्या. एकदा त्यात त्यांना पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याचं नाव दिसलं. त्याला नऊ वर्षं रोज दुपारी सूप करून भरवणारी, औषधं देणारी एक शेजारीण होती, आणि त्याने तिला 'तुझं मी बघेन' असं सांगितलेलं. बाईला नोटिशीचा पत्ताच नव्हता. आक्का भर बर्फात तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डिअर, तुझा दावा करायचाय, चल." ती नको नको म्हणत होती, तिने ते प्रेमाने केलं होतं. "प्रेमानं केलंस म्हणून ते केलंच न्हाई असं हुतंय का?" आक्कांनी तिला हे इंग्रजीत कसं सांगितलं ते मला माहीत नाही, पण दावा दाखल झाला, आणि म्हाताऱ्याच्या पुतण्याने भांडण न करता तो मान्यही केला.

तर अशा बाईच्या दोरीखाली मी दीड वर्ष झोपले होते, आणि तरीसुद्धा, होय तरीसुद्धा, माझ्यावर पाळी आली तेव्हा मी तीच चूक केली जी सगळी मराठी माणसं करतात.

बंदराजवळ एका लहानशा कंपनीत मी ऑफिसचं काम करत होते. गोठवलेली मासळी नेणारे ट्रक आणि एक शीतगृह, नऊ माणसं, वर मालक. शीतगृहाचं तापमान दर चार तासांनी बघून तक्त्यात लिहायचं असतं. रात्रीच्या पाळीचा माणूस सोडून गेला आणि रात्रीचे रकाने रिकामे राहायला लागले. मालक एका सकाळी तक्ता घेऊन आला आणि म्हणाला, आकडे भर आणि सही कर. मी म्हटलं, मी रात्री इथे नव्हते. तो हसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग रोजच यायला लागला.

तो माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं हो. पण इथला अनुभव नाही म्हणून सगळे दारातून परत पाठवत होते तेव्हा मला पहिली नोकरी त्याने दिली होती. पहिल्या थंडीत माझे पुण्याचे बूट बघून त्याने स्वतःच्या मुलीचे बूट आणून दिले होते. म्हणून मी आवाज न चढवता अकरा वेळा नाही म्हटलं. बाराव्या दिवशी राजीनामा लिहिला. 'वैयक्तिक कारणांमुळे.' सगळ्यांचे आभार मानले. आणि शेवटच्या दिवशी बेसनाचे लाडू नेऊन वाटले. जाताना कडू तोंडाने जाऊ नये, असं माझी आई सांगायची.

बेकारीभत्ता नाकारला गेला. तुम्ही स्वतःहून, योग्य कारणाशिवाय नोकरी सोडली म्हणे. पुनर्विचाराचा अर्ज मी आक्कांना न विचारता स्वतःच केला. मी इंग्रजी माध्यमातली, आपल्याला काय कुणी शिकवायचं! तोही नाकारला. तेव्हा कुठे मी ते पत्र घेऊन वर गेले. आक्कांनी परडी पुढे केली आणि पत्र मोठ्याने वाचायला लागल्या. मालकाचं म्हणणं त्यात होतं. ती आनंदाने गेली, आम्हाला वाईट वाटलं, तिने घरी केलेली मिठाईसुद्धा वाटली.

आक्का वाचायच्या थांबल्या. "मिठाई? कसली?"

"बेसनाचे लाडू."

"साजूक तुपातलं?"

"होय."

"मग हरनारच की गं!" त्यांनी कपाळावर हात मारला आणि इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण माझं काय पणाला लागलंय ते मला माहीत होतं. माझा नवरा पुण्यात होता. त्याला इकडे आणण्यासाठी मी स्पॉन्सरशिपचा अर्ज केला होता, लग्नानंतर आम्ही धड सात महिनेसुद्धा एकत्र राहिलो नव्हतो. भर थंडीत दुसरी नोकरी मिळत नव्हती. बेकारीभत्ता मिळाला नाही तर वेल्फेअरवर, म्हणजे निराधारांसाठीच्या सरकारी मदतीवर, जायची वेळ येणार होती, आणि वेल्फेअर घेणाऱ्या माणसाला नवऱ्याला स्पॉन्सर करता येत नाही. भत्ता घेतलेला चालतो, वेल्फेअर नाही. म्हणजे अपील हरले तर नवरा येत नाही, इतकं ते सरळ होतं.

आक्का गंभीर झाल्या. "अकरा येळा न्हाई म्हणलीस. लिवलंयस कुटं?"

"नाही. तोंडी."

"नवऱ्याला रोज मेसेज करतीस न्हवं? त्यात सांगितलंच असशील. ते दाव."

"ते डिलीट झाले," मी म्हणाले.

आक्कांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मी आधीच सोललेली पाकळी पुन्हा सोलत होते. "ह्या पाकळीपाशी काय झालं?" त्यांनी विचारलं, आणि मला इतकी लाज वाटली की काय सांगू.

मेसेज होते. अकराच्या अकरा दिवसांचे होते, तारीखवेळेसकट. 'आज परत सही मागितली, नाही म्हटलं.' पण त्याखाली नवऱ्याची उत्तरं होती. 'अगं करून टाक सही, कोण बघतंय?' 'सगळेच करतात.' 'तुझी नोकरी गेली तर माझे पेपर अडकतील, जरा माझा विचार कर.' ज्या माणसाला आणायला मी लढत होते तोच मला खोटी सही कर म्हणत होता, आणि हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, आक्कांनाही नाही.

"माझे तेवढे मेसेज देऊ. त्याचे कापून टाकू," मी म्हणाले.

"अर्दा पुरावा म्हंजे चोरीचा माल. तुज्या न्हाईच्या खाली काय हुतं, असं सुनावनीत इचारलं तर काय सांगशील? डिलीट झालं?"

"पण आक्का, सरकारच्या फाईलमध्ये जाईल हे. ह्याच सरकारकडे त्याचा अर्ज आहे!"

"खाती येगळी हायत." मग म्हणाल्या, "पन मी खात्री देत न्हाई. देवाला बी इचारू नगं, त्याला हितलं नियम ठावं न्हाईत. नवऱ्याला इचार. नाव त्याचं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. त्याची संध्याकाळ होती, ऑफिसातून निघाला होता. मी सगळं एका दमात सांगितलं. 

"म्हणजे सरकारी कागदावर माझं येणार, की मी सही कर म्हटलं?"

"हो."

"घरी कळेल?"

"घरी नाही. सरकारला कळेल."

"त्यापेक्षा घरी कळलेलं परवडलं," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही कसंनुसं हसलो. मग म्हणाला, "मी घाबरलो होतो गं." मी म्हटलं, मला माहितीय. मला खरंच माहीत होतं, आणि तरीही राग होता, दोन्ही होतं. तो म्हणाला, "दे. सगळं दे. काही कापू नकोस."

मेसेज मराठीत, तेव्हा भाषांतर हवं. ते मी करायचं नाही, परक्याने करायचं आणि शपथेवर करायचं, असा आक्कांचा दंडक. परका म्हणून आला तो आपला नागपूरचा सतरा वारसवाला. त्याने दोन रविवार बसून प्रत्येक ओळ इंग्रजीत केली. 'अगं'चं काय करायचं यावर त्याने पंधरा मिनिटं घालवली आणि शेवटी ते तसंच ठेवलं. नवऱ्याची वाक्यं भाषांतरित करताना त्याने एकदाही मान वर केली नाही. जाताना एवढंच म्हणाला, "माणूस घाबरला न, की असंच बोलतो. मीबी हॉस्पिटलात काय काय बोललो होतो." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

सुनावणी एप्रिलमध्ये, सकाळी दहाला, टेलिफोनवर. आक्कांनी फ्रिजचं बटण बंद केलं, त्याची घरघर नको म्हणून. स्वतः लॉन्ड्रीतला पांढरा एप्रन कडक इस्त्री करून घातला. "फोनवर कोण बघणार आहे?" मी म्हटलं. "मी बगतोय न्हवं," त्या म्हणाल्या. मला उभं राहून उत्तरं द्यायला लावलं. प्रत्येक उत्तराआधी मनात तीन आकडे मोजायचे. आणि स्वतः परडी घेऊन समोर बसल्या.

अपील ऐकणाऱ्या ट्रिब्युनलच्या बाई शांत आवाजाच्या होत्या. त्यांनी विचारलं, दुसरी नोकरी मिळेपर्यंत तुम्ही का थांबला नाहीत? मी तीन मोजले. म्हटलं, "ते रोज सही मागत होते. दुसरी नोकरी मिळेपर्यंत मी रोज काय करायला हवं होतं?" आक्कांनी मान डोलावली.

वरिष्ठांकडे तक्रार का केली नाही? मालकच मागत होता, त्याच्यावर कुणी नव्हतं. मग मिठाई का वाटली? मी म्हटलं, "ह्या माणसाने मला पहिली नोकरी दिली होती. राग होता आणि उपकारही होते. आमच्याकडे राग घरी आणतात आणि मिठाई ऑफिसात देऊन येतात." बाईंना हसू आलं की काय, कळलं नाही. टाईप केल्याचा आवाज आला.

मग त्यांनी मेसेजच्या भाषांतराचं पान काढलं. म्हणाल्या, तुमच्या नवऱ्याने तुम्हाला सही करायला सांगितलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?

याची तयारी आम्ही केलेली नव्हती. मी तीन मोजले, सहा मोजले. आक्कांचे हात थांबले होते. पहिल्यांदाच मी त्यांचे हात थांबलेले पाहत होते.

"एकटं वाटलं," मी म्हणाले. "फार एकटं वाटलं. पण सही करायची नाही हे मला माहीत होतं."

बाईंनी आभार मानले आणि फोन ठेवला. मी खुर्चीत बसले आणि हमसाहमशी रडले. आक्कांनी फ्रिज चालू केला, आणि दूध बाहेर राहिलं होतं ते आत ठेवलं.

निकाल तीन आठवड्यांनी आला. मी पाकीट फोडलं नाही, आक्कांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग मला म्हणाल्या, "तुज्या नावाचं स्पेलिंग बरोबर लिवलंय का बग."

स्पेलिंग बरोबर होतं. आम्ही जिंकलो होतो. कामावर नियमाविरुद्ध गोष्ट करायला सांगितली जात होती आणि सोडण्यावाचून पर्याय नव्हता, हे मान्य केलं होतं. लाडवांवरून बाईला नोकरी सोडायची हौस होती असं सिद्ध होत नाही, असंही लिहिलं होतं. आणि पुढे एक परिच्छेद होता, तो मला आजही जवळजवळ पाठ आहे. अर्जदार बाईवर नोकरीतून दबाव होता आणि घरातूनही होता. सही केली असती तर तिचा सगळ्या बाजूंनी फायदाच होता. तरी तिने प्रत्येक वेळी नकार दिला, आणि तो नकार त्याच वेळी लिहिलेला आहे. म्हणून तिचं म्हणणं आम्ही खरं मानतो. मी तो परिच्छेद आक्कांना मराठीत करून सांगितला. त्या म्हणाल्या, "बरं लिवलंय बाईनं."

वेल्फेअरची वेळ आली नाही. जूनमध्ये मला नोकरी लागली, आणि ऑक्टोबरात नवऱ्याचे पेपर आले. त्याच्या अर्जात त्या मेसेजबद्दल कुणी कधी अवाक्षरही काढलं नाही.

तो आला त्या दिवशी विमानतळावरून आम्ही थेट घरी आलो. बॅगा दारातच ठेवून मी त्याला वर स्वयंपाकघरात नेलं. आक्का टेबलापाशी बसल्या होत्या. हा वाकून नमस्कार करायला गेला, तर त्यांनी त्याला मध्येच हाताने थांबवलं आणि चष्म्यावरून नीट पाहिलं.

"तुमीच व्हय ते 'करून टाक सही'वालं?"

त्याचा चेहरा उतरला. त्याने माझ्याकडे पाहिलं.  वर्षभर मनात होतं ते माझ्याऐवजी आक्कांनीच विचारलं होतं, आणि त्याने काय उत्तर द्यावं हे मला त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"हो," तो म्हणाला. "मीच." नंतर 'पण' म्हणाला नाही.

आक्कांनी पायाने खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बसा. तुमी 'नगं करू' म्हणला असतासा तर पोरगी हरली असती. तिचा न्हाई तिचा एकटीचा हुता, ह्याला साक्षीदार तुमी एकलंच हुतासा."